कोपी : ऊसतोडीच्या हंगामातील घर

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाडा आणि त्याला लागून असलेल्या कोरडवाहू तालुक्यांतील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. घराला कुलूप लागते किंवा म्हातारी माणसे राखणीला मागे उरतात. ट्रक, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा बैलगाडी भरली जाते. पत्र्याची पेटी, ज्वारी-बाजरीची पोती, तवा-परात, वाकळा, पाण्याचे ड्रम, दोन-चार कोंबड्या, एखादी शेळी आणि या साऱ्या पसाऱ्यावर बसलेली मुले. पुढचे पाच-सहा महिने हा संसार ज्या निवाऱ्यात मांडला जातो, त्याला कोपी असे म्हणतात. खोप, खोपटे या शब्दांच्या जवळचा हा शब्द ऊसपट्ट्यात सर्वपरिचित आहे. मात्र कोपी कोठे उभी राहते, कशी उभारली जाते आणि तिथल्या पाण्याची, उजेडाची, शौचाची जबाबदारी नेमकी कोणाची, याविषयी साखरेच्या अर्थकारणावरील विपुल लेखनातही फारसे वाचायला मिळत नाही.

ऊस तोडल्यानंतर त्यातील साखरेचा उतारा तासागणिक घटू लागतो. त्यामुळे तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असा कारखान्यांचा प्रयत्न असतो. गाळप अखंड चालायचे तर तोडणीही अखंड चालावी लागते आणि त्यासाठी माणसे फडाजवळच राहावी लागतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांचे जाळे विणले गेले. पाणी आले, ऊस आला. परंतु तो तोडणारी माणसे मुख्यतः पाणी नसलेल्या भागांतून आली. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ वाढविला. आज राज्यातील ऊसतोड कामगारांची संख्या आठ ते बारा लाख असावी, असे वेगवेगळे अंदाज आहेत. बीड हा त्यांचा सर्वांत मोठा जिल्हा. पाथर्डी-शेवगाव, जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नांदेड आणि बुलढाणा या भागांतूनही टोळ्या निघतात. काही टोळ्या सीमा ओलांडून कर्नाटक व गुजरातमधील कारखान्यांवरही जातात.

बुलढाणा जिल्ह्यात 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' अशी तालुक्यांची विभागणी बोलण्यात सहज येते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ही विभागणी केली आहे. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड याच डोंगराच्या पायथ्याच्या पट्ट्यात येते. खानदेशातून वऱ्हाडात आणि तेथून वर पठारावर चढणारी जुनी वाट येथून जात असे. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाचा येथेच पराभव केला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीसाठीची लढाईही याच परिसरात झाली. फौजांचे तळ पडावेत अशी ही जागा. आजच्या स्थलांतराचे कारण मात्र वाटेत नसून पावसात आहे. जिल्ह्यातील बहुतांश शेती पावसावर. कापूस, सोयाबीन, तूर घरात आली की बिनपाण्याच्या शेतात पुढे काम उरत नाही. सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीड येथे जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. तोही पुढे बंद पडला. दिवाळीनंतर हाताला काम हवे असलेल्या माणसापुढे मुकादमाची उचल येऊन उभी राहते ती अशा वेळी.

उचल म्हणजे हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम. ती सहसा नवरा-बायकोच्या जोडीला मिळून दिली जाते आणि या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराने करणारा हा शब्द बरेच काही सांगून जातो. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. दहा-पंधरा कोयत्यांची किंवा त्याहून मोठी टोळी मुकादमाच्या हाताखाली असते. उचल फिटेपर्यंत टोळी त्या मुकादमाला आणि मुकादम कारखान्याला बांधलेला असतो.

टोळी कोणत्या प्रकारची आहे, यावर तिच्या कोप्यांचा मुक्काम ठरतो. स्वतःची बैलगाडी घेऊन येणाऱ्यांचे 'गाडी सेंटर', कारखान्याकडून रबरी टायरची गाडी घेणाऱ्यांचे 'टायर सेंटर' आणि डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्यांचे 'डोकी सेंटर', असे ढोबळ प्रकार आहेत. टायरगाडीवाले बहुधा कारखान्याच्या आसपास मोठ्या तळावर राहतात. तेथे शेकडो कोप्यांची वस्ती उभी राहते, किराणा दुकान आणि पिठाची गिरणीही जवळ असते. डोकी सेंटरचे कामगार मात्र फड बदलेल तसे गावोगाव हलतात. एका हंगामात त्यांना कोपी अनेकदा मोडावी आणि पुन्हा बांधावी लागते. त्यांच्या वाट्याला येणारी जागा दोन-चार आठवड्यांचीच असल्याने तेथे सोयी करण्याचा विचार कोणीही करीत नाही.

तळाची जागा

जागा निवडण्याचा अधिकार कामगाराला जवळपास नसतोच. कारखान्याचा शेतकी विभाग आणि मुकादम मिळून ती ठरवितात. कारखान्याची पडीक जमीन, गायरान, ओढ्याचा काठ, कालव्याची बाजू, रस्त्याकडेची पट्टी किंवा नुकताच तोडून मोकळा झालेला फड, अशा या जागा असतात. तरीही त्या जागेत कोपी नेमकी कोठे रोवायची, याविषयी जुनी कामगार मंडळी फार चोखंदळ असतात. ओढ्याच्या पात्रापासून दूर, किंचित उंचवट्यावरची जागा पहिल्यांदा अडविली जाते. काळ्या मातीचा तुकडा टाळला जातो. अवकाळी पाऊस झाला तर त्यात चिखल होतो, बैलांचे खूर रुततात आणि गाडी हलत नाही. मुरमाड जमीन पसंत केली जाते, मात्र तिच्यात खुंट्या ठोकण्याची मेहनत अधिक. वरून विजेची तार जात नाही ना, हे पाहिले जाते. रस्त्याच्या अगदी कडेला मुले असलेले कुटुंब सहसा कोपी बांधत नाही, पण उशिरा पोहोचलेल्यांना नेमकी तीच जागा उरते. त्यामुळे पहिल्या दिवशी तळावर पोहोचण्याची घाई असते.

गाडीचीही एक जागा असते. बैल सोडल्यावर गाडी कोपीसमोर उभी केली जाते आणि ती घरंगळू नये म्हणून चाकांखाली दगड लावतात. दिवसा रिकामी गाडी म्हणजे बाज, वाळवणाची जागा आणि लहान मुलाची झोळी बांधण्याचा आधार. बैलांचे दावे कोपीपासून हाकेच्या अंतरावर. मालकाचे लक्ष राहावे इतके जवळ, पण शेण-मूत आणि माश्या आत येऊ नयेत इतके दूर. ही दोन्ही गणिते एकाच वेळी साधत नाहीत. चोरीच्या भीतीने बैल जवळच बांधले जातात आणि माश्या सोसल्या जातात.

बांधणी

बहुतेक कारखाने हंगामाच्या आरंभी कोयत्यागणिक काही बांबू आणि बांबूच्या चटया पुरवतात. दोन बाजूंना बांबू तिरपे रोवून वरच्या टोकांना बांधले जातात, माथ्यावरून एक आडवा बांबू टाकला जातो आणि त्यावर दोन्ही अंगांनी चटया उतरवून सुतळीने किंवा तारेने आवळतात. वर ताडपत्री, प्लॅस्टिकचा कागद, खतांच्या गोण्या उसवून शिवलेले कापड आणि अलीकडे निवडणुकांचे किंवा वाढदिवसांचे जुने फ्लेक्स. आकार तंबूसारखा. माथ्याखाली माणूस जेमतेम उभा राहतो, कडेला बसावेच लागते आणि आत शिरताना वाकावे लागते. दाराच्या जागी जुनी साडी किंवा पोते.

चटयांच्या तळाशी मातीचा बांध घालून तो थापला जातो, म्हणजे वारा आणि सरपटणारे प्राणी आत येत नाहीत. बांधाबाहेर वीतभर खोल चर खणून तिचे तोंड उताराकडे काढतात. अनुभवी बाई ही चर पहिल्याच दिवशी खणून घेते. नवखे कुटुंब ती टाळते आणि जानेवारीतल्या एखाद्या पावसात रात्रभर धान्याची पोती उचलून धरते. जमीन शेणाने सारवली जाते. मागच्या टोकाला दगडांवर धान्य आणि पेटी, मध्ये अंथरुणे, दाराशी पाण्याची भांडी. चूल बाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला. न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेली साडी. हे सारे एका दिवसात उरकावे लागते, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे तीन-चारला फडावर जायचे असते.

चुलीची जागा ही केवळ सोयीची बाब नव्हे. कोपीभोवती वाळलेले पाचट आणि बैलांसाठी आणलेले वाढे पडलेले असते, चटया उन्हाने कडकडीत झालेल्या असतात आणि कोप्या एकमेकींना खेटून असतात. एका ठिणगीने ओळीच्या ओळी जळाल्याच्या बातम्या ऊसपट्ट्यातील वृत्तपत्रांत जवळजवळ दर हंगामात येतात. बहुधा आग लागते तेव्हा मोठी माणसे फडावर असतात. धान्य, कपडे, उचलीतून उरलेले पैसे आणि आधार कार्ड, शिधापत्रिका अशी कागदपत्रे एकाच पेटीत असल्याने एकाच वेळी जातात. दोन ओळींत गाडी जाईल एवढे अंतर ठेवणे, वाढ्याचे भारे वेगळ्या जागी रचणे आणि ओळीच्या टोकाला वाळूच्या गोण्या व पाण्याचा ड्रम ठेवणे, एवढ्याने हा धोका बराच कमी होतो. या उपायांना खर्च जवळजवळ नाही. फक्त तळाची आखणी टोळ्या येण्यापूर्वी करावी लागते.

पाणी आणि आडोसा

पिण्याचे पाणी मोठ्या तळांवर कारखान्याच्या टाकीतून किंवा टँकरने मिळते. गावोगाव फिरणाऱ्या टोळ्या शेतकऱ्याची विहीर, कालवा किंवा ओढा यांवर अवलंबून असतात. पाणी आणण्याचे काम बाईचे. ती पहाटे स्वयंपाक करून फडावर जाते, दिवसभर मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहते आणि परतल्यावर पुन्हा घागर उचलते. गाडी केव्हाही भरायला येऊ शकते, म्हणून रात्रीची झोपही सलग नसते.

शौचालय बहुतेक तळांवर नसते. उजेडात आडोसा मिळत नाही म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात आणि अंधाराची वाट पाहतात. पाळीच्या दिवसांतही फडावर जावे लागते, कारण एक दिवस गैरहजर राहिल्यास 'खाडा' पडतो आणि दंडाची रक्कम हिशेबातून कापली जाते. अंगावर काढलेले जंतुसंसर्ग, लवकर झालेली लग्ने आणि बाळंतपणे, खाड्याची धास्ती आणि शस्त्रक्रियेचा सोपा वाटणारा सल्ला, या साऱ्यांचा परिणाम २०१९ मध्ये देशापुढे आला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती, म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्यानंतर हंगामापूर्वी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणी, शस्त्रक्रियांवर देखरेख असे उपाय सुचविले गेले. रुग्णालयांवरील देखरेख आवश्यकच होती. पण या प्रश्नाचा एक धागा कोपीच्या मागे नसलेल्या शौचालयापर्यंत जातो, आणि त्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

मागे राहणारी आणि सोबत येणारी मुले

आई-बाप फडावर गेले की तान्हे मूल उसाच्या सरीत किंवा गाडीखाली सावलीला ठेवले जाते. चार-पाच वर्षांचे मूल त्याला सांभाळते. गाडीच्या चाकाखाली, कालव्यात किंवा उघड्या विहिरीत मुले दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या काही भागांत उसातच बिबट्यांचा वावर असल्याने उघड्यावर झोपणे अधिकच धोक्याचे. तेथे तळाभोवती उजेड असणे आणि मुलांना कोपीच्या आतल्या बाजूला निजविणे याला पर्याय नाही.

शाळेचा प्रश्न त्याहून जुना. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि कुटुंब दिवाळीच्या सुमारास निघून जाते. परतते तेव्हा परीक्षा तोंडावर किंवा उरकलेली. १९९० च्या दशकात कारखान्यांच्या तळावर 'साखरशाळा' ही कल्पना रुजू लागली. २००२ नंतर 'जनार्थ' या स्वयंसेवी संस्थेने अनेक कारखान्यांच्या परिसरात त्या चालविल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करण्यावर भर आला. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच. मात्र तळापासून गावची शाळा तीन किलोमीटर असेल आणि मोठ्या मुलीवर धाकट्याची जबाबदारी असेल, तर दाखला नोंदवहीतच राहतो. दुसरा मार्ग मूल गावीच ठेवण्याचा. त्यासाठी जिल्हा परिषदांनी हंगामी वसतिगृहे चालविली. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुक्यांत मुलांची व मुलींची मिळून ८२ वसतिगृहे, असे तिचे स्वरूप ठरले. मूल गावी राहिले की कोपीत एक माणूस कमी होतो, आणि धाकट्याला सांभाळणारेही कोणी उरत नाही. म्हणून तळावर पाळणाघर नसेल, तर अनेक आई-बाप थोरल्या मुलीला वसतिगृहातून काढून सोबत नेतात. दोन्ही सोयी एकमेकींवर अवलंबून आहेत.

पत्ता नसलेली वस्ती

तळावरची वस्ती कोणत्याच दप्तरात पुरती बसत नाही. ग्रामपंचायतीच्या लेखी ती बाहेरची. कारखान्याच्या लेखी हे कामगार मुकादमाचे. मुकादमाच्या लेखी निवाऱ्याची सोय कारखान्याची. आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर कोप्या उभ्या आहेत तो त्या लवकर उठाव्यात म्हणून वाट पाहत असतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ च्या कायद्यात योग्य निवासाची तरतूद होती, पण राज्याच्या आतच फिरणारा कामगार त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. बीडचा कामगार कोल्हापूरला गेला तर तो स्थलांतरित नव्हे आणि निपाणीच्या पलीकडे गेला की स्थलांतरित, असा हा प्रकार.

काही अडचणी अलीकडे सुटू लागल्या आहेत. शिधापत्रिकेची 'पोर्टेबिलिटी' आल्याने तळाजवळच्या रास्त भाव दुकानातून अंगठा लावून धान्य घेता येते. गावी राहिलेल्या माणसांनी त्याच पत्रिकेवर त्यांचा वाटा गावात उचलावा, हेही शक्य आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाकडून, अशी निधीची रचना करण्यात आली. कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रे हे त्याचे पहिले काम. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. अशा वाटाघाटींच्या बातम्या दर आणि कमिशन यांनीच व्यापलेल्या असतात. कोपीचा उल्लेख शोधावा लागतो. मतदानाचेही तसेच. २०२४ मध्ये गळीत हंगामाचा प्रारंभ १५ नोव्हेंबरला ठरला आणि विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला. फडावर पोहोचलेल्या माणसाने मताला गावी यायचे तर स्वतःच्या खर्चाने आणि खाडा सोसून.

टाळेबंदीने या वस्तीचे अस्तित्व काही काळ सर्वांच्या नजरेस आणले होते. मार्च २०२० मध्ये रस्ते बंद झाले तेव्हा हंगाम संपत आलेला होता आणि लाखभराहून अधिक कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले. एप्रिलच्या मध्यावर शासनाने तपासणी करून त्यांना गावी सोडण्याची परवानगी दिली. त्या तीन-चार आठवड्यांत कोठे किती कोप्या आहेत, माणसे किती, बैल किती, धान्य किती दिवसांचे आहे, याची मोजदाद गावोगाव करावी लागली. ती करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. २०२२ मध्ये लम्पी रोगाच्या साथीत बैलांच्या लसीकरणाच्या नोंदीही तळावर घेतल्या गेल्या.

परदेशांत चाकांवरचे घर घेऊन हंगामभर एका जागी मुक्काम करणाऱ्यांसाठी खास तळ असतात. तेथे प्रत्येक घराला क्रमांकाची जागा, नळ, विजेची जोडणी आणि सांडपाण्याचे तोंड मिळते. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये पर्यटकांसाठी 'कॅराव्हॅन' धोरण आणले. त्यात अशा वाहनांच्या तळावर पाणी, रस्ता, वीज या सोयी अपेक्षिल्या आहेत. म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाला काय लागते, याची यादी शासनापाशी आहे. ऊसतोडीच्या तळासाठी तीच यादी लागू करायची तर फार वेगळे काही लिहावे लागणार नाही: आखलेली जागा, चाळीस-पन्नास माणसांमागे एक नळकोंडाळे, फिरती शौचालये, दोन सौरदिवे आणि पाळणाघराची एक मोठी कोपी. डोकी सेंटरसाठी यांतले बरेचसे ट्रॉलीवरून फडाबरोबर हलविताही येईल. ऊस तोडणीच्या यंत्रांना अनुदान दिले जात आहे आणि त्यांचा वापर वाढतो आहे. परंतु लहान तुकड्यांच्या, अरुंद सरींच्या आणि ओल्या रानात अजूनही कोयताच चालतो. म्हणून कोपी लवकरच इतिहासजमा होईल, असे धरून चालता येत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो. शेवटची गाडी रिकामी झाली की कोपी सोडली जाते. चटया बहुधा फाटलेल्या असतात, त्यांतल्या धड तेवढ्या गुंडाळून घेतल्या जातात. बांबू कोठे कारखान्याला परत द्यायचे असतात, तर कोठे गावाकडच्या गोठ्यासाठी गाडीवर चढतात. टायरगाडी जमा करावी लागते. मग मुकादमाच्या वहीतून हिशेब होतो: तोडलेले टन, उचल, खाडे, मध्ये घेतलेले किराण्याचे आणि दवाखान्याचे पैसे. काहींच्या हाती रक्कम येते, काहींकडे बाकी निघते. बाकी निघालेल्या कुटुंबाचे नाव पुढच्या हंगामाच्या यादीत त्याच दिवशी लिहिले जाते.